तेरा कोरी पानं

भंडारा
२२ जुलै २०१९

प्रिय खुशबू,

सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखलं असशीलच. दोन वर्षं तू याच अक्षरातले लाल शेरे वाचलेस. फोन तू उचलत नाहीस, आणि चौथ्या वेळेनंतर तर रिंगही जात नाही. नंबर ब्लॉक करतात म्हणजे काय करतात, ते मला होस्टेलच्या पोरींनी समजावून सांगितलं. म्हटलं, पत्र तरी घरात शिरेल.

पत्त्यासाठी परवा आंधळगावला गेले होते. तुझी आई धानाच्या रोवण्याला गेलेली. बांधावर छत्री धरून तासभर उभी राहिले. आनंदाबाई चिखलाचे हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "पाच वर्सानं याद आली का मॅडम?" तरी घरी नेलं, चहा पाजला. तुझ्या नोकरीचं बोलता बोलता म्हणाल्या, "तिथली डाक्तरीनबाई अडलेल्या बाईजवळ खुशबूलेच बोलावते, नर्सायले नाही." नागपूरच्या एका मॅटर्निटी होममध्ये तू मावशी म्हणून लागली आहेस, नर्स म्हणून नाही, हे मला तिथे कळलं. कप तसाच ठेवून पत्ता लिहून घेतला.

असो. एक लहानसं काम आहे. तुझं प्रॅक्टिकलचं केसबुक, निळ्या कव्हरचं, ज्यात तुम्ही पोरी आपल्या हाताने केलेलं एकेक बाळंतपण लिहायच्या आणि खाली मी सही करायची, ते तुझ्याकडे असेल तर पाठवून दे. यंदाची एएनएम नर्सिंगची बॅच अगदीच आळशी आहे. त्यांना नमुना म्हणून दाखवायचं आहे. तुझ्यासारखं काम आता कोणी करत नाही.

पेपरमध्ये वाचलं असशील, तुमसरच्या तिकडे, बपेऱ्याच्या बाजूच्या एका उपकेंद्रात बाळंतपणात एक बाई गेली. तिथली सिस्टर म्हणजे आपली रक्षा, तुझ्याच बॅचची. तिला निलंबित केलं आहे. त्याचा आणि केसबुकाचा काही संबंध नाही. कानावर असावं म्हणून लिहिलं.

रजिस्टर पोस्टानेच पाठव. मध्ये कोणाला दाखवत बसू नकोस. रागावली असशील तर रागाव, पण पाठव.

तुझी,
चंद्रकांता मॅडम


भंडारा
६ ऑगस्ट २०१९

खुशबू,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. "मॅडम, एकतीस मार्काचं केसबुक नमुना कसं काय होते? खरं काय ते लिहा." वर्गातही तू अशीच होतीस. सगळ्या पोरी पान पान भरून उत्तरं लिहायच्या आणि तू दोन वाक्यांत माझं तोंड बंद करायचीस.

तर खरं लिहिते. केसबुक मला नको होतं, आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना हवं होतं. लक्ष्मणराव स्वतः स्टाफरूममध्ये आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तेवढं एकच पुस्तक बाहेर आहे. ते घरात आलं का मंग आपन मोकळे." रक्षाच्या प्रकरणात चौकशी समिती बसली आहे आणि समितीने आपल्याकडून तिच्या शिक्षणाचे कागद मागवले आहेत. तिचं केसबुक आपल्या कपाटात आहे. वीसच्या वीस बाळंतपणं, सुंदर अक्षर, पंच्याहत्तरपैकी बहात्तर. लक्ष्मणराव म्हणतात, हेच पाठवू. संस्थेने शिकवलं होतं, पोरगी हुशार होती, हयगय तिची तिने केली. विषय संपला.

पण तुझ्या केसबुकात सातच बाळंतपणं आहेत आणि प्रत्येकावर दवाखान्याच्या रजिस्टरचा खरा नंबर आहे. त्या वर्षांची रजिस्टरं वाळवीने खाल्ली. उरले ते तुझे सात नंबर. तुझा दोनशे चौदा नंबर मला अजून आठवतो, तो रक्षाच्या पुस्तकातही आहे. त्याच तारखेचा, त्याच बाईचा. आणखी सोळा पोरींच्या पुस्तकांत आहे. त्या एका बाईचं बाळंतपण अठरा जणींनी केलं.

हिशेब तुला माहीतच आहे. चाळीस पोरी, प्रत्येकीला वीस बाळंतपणं, म्हणजे आठशे. आणि आपण पोरी पाठवायचो त्या दवाखान्यात वर्षभरात बाळंतपणं व्हायची जेमतेम अडीचशे. उरलेली कुठून आणायची? म्हणून मी स्टाफरूममध्ये बसून एक आदर्श केसबुक लिहून काढलं. पोरींनी दवाखान्याच्या रजिस्टरमधलं कुठलंही नाव-नंबर टाकून, वजनं बदलून ते उतरवून घ्यायचं. सगळ्यांनी घेतलं. तू तेवढी सात लिहून थांबलीस. मी म्हटलं, उरलेली तेरा भर. तू म्हणालीस, "मॅडम, जे लेकरू मी हातात घेतलंच नाही, त्याचं वजन कसं लिवू?"

मला राग आला. राग यासाठी आला की तू सगळ्या पोरींसमोर बोललीस आणि एकही पोरगी हसली नाही. तुझं सातचं पुस्तक इतरांच्या विसाच्या शेजारी ठेवलं असतं, तर तपासणीला आलेल्याने पहिलाच प्रश्न तोच विचारला असता. म्हणून "अपूर्ण" असा शेरा मारून मी तुला एकतीस दिले. अंतर्गत गुणांत नापास झालीस, म्हणून परीक्षेलाच बसता आलं नाही. सहा महिन्यांनी परत बस म्हणून निरोप पाठवला होता. तू बसली नाहीस.

तुला वाटत असेल, मी पैसे खाल्ले. पैसे मी खाल्ले नाहीत. माझी माय पंचफुला बिड्या वळायची. मी नागपूरला शिकायला गेले तेव्हा आमच्या सिस्टर ट्यूटर हजेरीपटावरचं आडनाव वाचायच्या, मग तोंडाकडे बघायच्या आणि मग मार्क द्यायच्या. रात्रपाळ्या मी जास्त केल्या, इंजेक्शनं मी जास्त दिली, आणि तीन वर्षं मला काठावर ठेवलं. तेव्हाच ठरवलं होतं की लाल पेन माझ्या हातात आलं तर मी कोणाला पाडणार नाही. लक्ष्मणराव काही पाप करा म्हणून आले नव्हते. ते म्हणाले, "पोरी गरिबायच्या आहेत मॅडम. एकेका घरात नोकरी लागते. तुमचं काय जाते?" मला ते पटलं. माझ्या मनातलंच ते बोलत होते.

आणि पाडणार नाही म्हणता म्हणता मी एकीला पाडलं, ती तू. जयभीम म्हणणाऱ्या आपल्याच घरची.

आता तरी पाठवशील?

चंद्रकांता


भंडारा
२५ ऑगस्ट २०१९

खुशबू,

तू उत्तर दिलं नाहीस. ठीक केलंस. मागच्या पत्रातही मी अर्धंच खरं लिहिलं होतं.

जी बाई गेली, ती प्रतिक्षा.

माझ्या भावाची, धम्मदीपची मुलगी. तू तिला पाहिलं आहेस. आपल्या स्नेहसंमेलनात स्टेजवर चढून नाचली होती आणि तूच तिची सुटलेली वेणी घालून दिली होतीस. धम्मदीप वरठीच्या स्टील प्लांटमध्ये कामाला. त्याच्या पाळ्या, वहिनीचं दुखणं, त्यामुळे पोरगी दहावीपर्यंत माझ्याचकडे होती. मला लेकरूबाळ नाही. ती मला आत्या म्हणायची, पण शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही माझी असायची.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. दिलं त्या गावात, जिथल्या उपकेंद्रात रक्षा होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून वरठीला आणणार होतो, पण दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या. अकरा जुलै, सकाळी साडेनऊला तिचा फोन.

"आत्या, पोट दुखून राहिलं. घरचे म्हणतेत तुमसरले नेतो. का इथंच उपकेंद्रात जाऊ?"

तिथून तुमसर तासाभराचा रस्ता. मी काय म्हटलं, ते शब्दाला शब्द लिहिते. "कायले त्या खड्ड्यायनं हाल करून घेतं? तिथं रक्षा आहे. माह्या हाताखालची पोरगी आहे. पंच्याहत्तरपैकी बहात्तर आहेत तिले."

खुशबू, मी खोटं बोलत नव्हते. हे तुला समजावं म्हणून तर पत्र लिहायला बसले. ते बहात्तर मी कसे दिले होते, हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. रक्षाला बाळंतपण करताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने जेमतेम दोन पाहिली होती आणि तीही दाराजवळ उभी राहून; नोकरीतही तिथल्या बाया तुमसरलाच जायच्या, एकटीने केलेलं हे तिचं पहिलंच. पण पाच वर्षं कपाटात तो आकडा होता, निकालाच्या बोर्डावर होता, तिच्या नोकरीच्या अर्जावर होता. माझाच आकडा मला बाहेरून ऐकू यायला लागला, आणि मी त्यावर विश्वास ठेवला. माझी पोरगी मी त्या आकड्याच्या हवाली केली.

दीड वाजता मुलगी झाली. रडली, नीट होती. वारही पडली. पण रक्त थांबेना. रक्षा कापड बदलत राहिली. पोटावर हात दाबून गर्भाशय चोळायचं, ते हाताला टणक लागेपर्यंत सोडायचं नाही, इंजेक्शन द्यायचं, गाडी बोलवायची. हे सगळं तिला पाठ होतं. पाठच होतं. गाडी साडेतीनला निघाली. तुमसर दिसायच्या आधी प्रतिक्षा गेली.

तिसऱ्या दिवशी धम्मदीपने तिचा केसपेपर माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "बाई, तुले समजते यातलं. वाच." रक्षाचं सुंदर अक्षर. शेवटची ओळ अशी होती: "प्रसूतीनंतर गर्भाशय घट्ट, रक्तस्राव मर्यादित, माता व बाळ सुखरूप."

ते वाक्य माझं आहे. सात वर्षांपूर्वी आदर्श केसबुकात मी ते लिहिलं, वीसही पानांवर तेच, आणि एकोणचाळीस पोरींनी ते वीस-वीस वेळा उतरवलं. रक्षाने एकविसाव्यांदा लिहिलं. समोर माझी प्रतिक्षा रक्तात पडलेली असताना तिने सवयीने लिहिलं.

मी भावाला म्हटलं, कागदावर तर सगळं बरोबर दिसते. तो म्हणाला, "मंग पोरगी कशी गेली बाई?" मी केसपेपरची घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिली. ती गेल्यावर अकरा दिवसांनी तुला पहिलं पत्र लिहिलं, यंदाची बॅच आळशी आहे म्हणून. मी कशी बाई आहे, ते आता तुझं तूच ठरव.

गेल्या आठवड्यात रक्षाच्या माहेरी गेले होते, तुमसरला. ती जेवत नाही, बोलत नाही, तिची आई सांगत होती. मला पाहून उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मग म्हणाली, "मॅडम, घट्ट म्हंजे किती घट्ट, ते मले हातानं कोणी दाखवलंच नाही."

तिच्यावर गुन्हा दाखल होणार आहे. माझ्या बहात्तरमुळे ती हुशार ठरली, आणि हुशार असून चुकली म्हणून हयगय ठरली. ती काहीच शिकलेली नव्हती, असं सांगणारा एकच कागद आहे, आणि तो तुझ्याजवळ आहे. समितीसमोर बारा सप्टेंबरला मला बोलावलं आहे. केसबुक मला जाळायला नको, दाखवायला हवं आहे. ज्या पुस्तकाला अपूर्ण म्हणून मी तुझं आयुष्य अडवलं, तेच मागते आहे. लाज वाटते. तरी मागते.

चंद्रकांता


भंडारा
१४ सप्टेंबर २०१९

खुशबू,

दहा तारखेला आनंदाबाई स्वतः आल्या. धुवून वाळवलेल्या पिशवीत केसबुक, वरून पेपर गुंडाळलेला. दारातूनच म्हणाल्या, "पोस्टानं नोको म्हणे, मॅडमच्या हातात देजो." पाणीही न घेता बस धरायला निघून गेल्या.

तुझी सात पानं वाचली. दोनशे चौदा नंबरच्या बाईचं गर्भाशय वीस मिनिटं सैल होतं, असं तू लिहिलं आहेस. "तीनदा चोळावे लागले, हात दुखून आले, मग टणक झाले. कच्च्या पेरूसारखे लागले." त्यावर माझा लाल शेरा आहे: "अशी भाषा केसबुकात लिहू नये." तुझा कच्चा पेरू मी खोडला होता. रक्षाने एकदा तुझं हे पान वाचलं असतं तर तिला कळलं असतं.

मग आठवं पान उलटलं.

कोरं होतं. नाव नाही, नंबर नाही, वजन नाही. आणि खाली, "माझ्यासमक्ष केले," त्याखाली माझी सही. नववं कोरं, सही. दहावं कोरं, सही. विसाव्या पानापर्यंत.

मी विसरले होते, खुशबू. आठशे सह्या एकेक करून कोण करणार, म्हणून पुस्तकं वाटायच्या आधीच दोन दिवस बसून मी सगळ्या पानांवर सह्या करून ठेवल्या होत्या. इतर पोरींनी वरचा मजकूर भरला आणि सह्या झाकल्या गेल्या. तुझ्याच पुस्तकात त्या उघड्या राहिल्या. पाच वर्षं हे तुझ्या पेटीत होतं. एक फोटो काढून पाठवला असतास तरी माझी नोकरी गेली असती. तू मावशी म्हणून फरशी पुसत राहिलीस आणि काही बोलली नाहीस. मी तुला सूडबुद्धीची समजत होते. हे लिहायला हवं, म्हणून लिहिते.

बाराला समितीसमोर गेले. लक्ष्मणरावांनी रक्षाचं केसबुक आधीच दिलं होतं. ते म्हणाले, "रेकॉर्ड समोर आहे, साहेब. संस्थेची काय चूक?" मी तुझं पुस्तक त्याच्या शेजारी ठेवलं आणि दोनशे चौदा नंबर दोन्हीकडे उघडून दाखवला. मग आठवं पान. समितीतल्या बाईंनी विचारलं, "ही सही तुमची?"

म्हटलं, "हो."

"पान कोरं आहे."

"हो."

"मग तुम्ही समक्ष काय पाहिलंत?"

"काहीच नाही," मी म्हटलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतकं साधं उत्तर मी पहिल्यांदा दिलं.

लक्ष्मणराव बाहेर भेटले. चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "मॅडम, चाळीस घरायची भाकर हिसकली तुमी." हा माणूस नेहमी असंच बोलतो, खरं वाटेल असं. आनंदाबाईंची रिकामी पिशवी घडी करून मी बस धरायला निघाले.

चंद्रकांता


भंडारा
३ नोव्हेंबर २०१९

प्रिय खुशबू,

तू विचारलं नाहीस, पण कळवते.

रक्षाची नोकरी गेली. गुन्ह्यातून ती सुटली नाही, पण आता कागदावर ती एकटी नाही. तिच्या नावाखाली माझं नाव आहे. वकील म्हणतो, फार तर सहा महिन्यांची शिक्षा होईल. मी त्याला म्हटलं, जास्त असले तरी चालतील. त्याला वाटलं मी रागाने बोलते. यंदाचे प्रवेश थांबले. तुझ्या बॅचच्या बाकी पोरींची पुन्हा प्रॅक्टिकल परीक्षा घेणार आहेत. त्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत पसरल्या आहेत, कोणाला दोन लेकरं, कोणाचं घर तिच्याच पगारावर. त्यांचे फोन येतात. एकीने मला शिव्या दिल्या. एक नुसतीच रडली आणि म्हणाली, "मॅडम, तेव्हाच नापास करून टाकायचं होतं." शिवीपेक्षा हे जास्त लागलं.

तुलाही परीक्षेला बसता येईल, असं समितीने लिहून दिलं आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. बस, एवढंच म्हणते. आग्रह करायचा हक्क मला नाही. तुझं केसबुक पुरावा म्हणून त्यांच्याकडे राहिलं. मिळेल तेव्हा तुझं तुला परत देईन, माझ्या शेऱ्यांसकट.

रक्षा येऊन गेली. तुझा पत्ता मागत होती. म्हणाली, नोकरी मिळो न मिळो, एकदा खुशबूच्या हाताखाली उभं राहायचं आहे. दिला आहे. तू दार उघडशील की नाही, ते तुझं तू पाहा.

आता धम्मदीप. माझा जबाब त्याला पोलिसांकडून वाचायला मिळाला. प्रतिक्षाची मुलगी त्याच्याकडेच वाढते आहे, वरठीला. मी गेले तेव्हा तो नुकताच पाळी संपवून आला होता, मोटरसायकल अजून गरम होती. त्याने मला फाटकातच थांबवलं. आवाज चढवला नाही. एकच विचारलं, "त्या दिवशी फोनवर तुनं प्रतिक्षाले बहात्तर सांगतले. खरे किती होते बाई?"

मी म्हटलं, "माहीत नाही. मी पाहिलंच नव्हतं."

त्याने फाटक लावून घेतलं. तेव्हापासून तीन रविवार गेले. मी जाते, वहिनी फाटकापाशी येते, आतलं थोडं सांगते आणि घाईने परत जाते. मुलगी आता मान धरते म्हणे. हसते, आवाजाकडे बघते. मी सवयीने विचारलं, वजन किती भरलं. वहिनीने मागे दाराकडे पाहिलं आणि ती आत गेली.

वजन मला माहीत नाही, खुशबू. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही.

चंद्रकांता